घर मुलांचं, दार मुलांचं, दारू मुलांची

अमेरिकेतल्या बहुतेक सोरॉरिटींच्या, म्हणजे विद्यार्थिनींच्या ग्रीक अक्षरी नावांच्या संघटनांच्या, घरात (जिथे सदस्य एकत्र राहतात) दारू चालत नाही. विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटींच्या घरात मात्र ती वर्षानुवर्षं चालत आली आहे. त्यामुळे पार्टी होते ती मुलांकडेच. एलिझाबेथ आर्मस्ट्राँग, लॉरा हॅमिल्टन आणि ब्रायन स्वीनी या समाजशास्त्रज्ञांनी २००६ साली या पार्ट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत कुणाला सोडायचं, ग्लासात काय ओतायचं, मुलींनी कोणत्या थीमचे कपडे घालून यायचं, सगळं यजमान मुलं ठरवतात. पहिल्या वर्षाच्या मुलींना न्यायला गाडीही तेच पाठवतात. परतायचं असेल तर पुन्हा त्यांच्याकडेच बघायचं. त्यात मुली पडल्या पाहुण्या. पाहुण्यांनी तक्रार करायची नसते, हसून वागायचं असतं, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या ३३ विद्यापीठांत झालेल्या सर्वेक्षणात पदवीपूर्व वर्गांतल्या जवळपास २६ टक्के मुलींनी सांगितलं की, विद्यापीठात आल्यापासून जबरदस्तीने किंवा संमती देण्याच्या अवस्थेत नसताना त्यांच्याशी लैंगिक कृती झाली. सगळ्या घटना फ्रॅटर्निटीत घडलेल्या नाहीत. पण तिथे धोका जास्त का, हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडच्या वाचकांनाही तो परका नाही. दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत, आणि तिथे वाढलेली मराठी घरांतली मुलंमुलीही याच पार्ट्यांना जातात.

मुळात तशीच मुलं फ्रॅटर्निटीत जातात, असं म्हणून हात झटकता येतील का? जॉन फॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एका विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा अभ्यास मांडला. त्यांतली जी मुलं फ्रॅटर्निटीत गेली, ती जाण्याआधी इतरांसारखीच होती. वर्षअखेर मात्र त्यांच्याकडून लैंगिक अत्याचार होण्याचं प्रमाण इतर मुलांच्या तिप्पट निघालं. अभ्यास एकाच विद्यापीठातला आहे, हे खरं. तरीही तो एका गोष्टीकडे बोट दाखवतो, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. मुलगा बदलतो तो त्या घरात, आजूबाजूच्या मुलांकडे बघून.

तसं असेल तर त्याला सावरण्याचं कामही त्याच घरातून व्हायला हवं. समवयस्क शिक्षणामागे हाच विचार आहे. प्रशासनातल्या कुणी येऊन नियमांची यादी वाचली की मुलं सही करतात आणि विसरतात. तेच त्यांच्यातल्या, ज्याला सगळे मानतात अशा सीनियरने सांगितलं तर ऐकतात. शिवाय एक मोठा गैरसमज दूर होतो. मुलींविषयी घाणेरडं बोलणं इतर सगळ्यांना पटतं, असं प्रत्येकाला वाटत असतं. प्रत्यक्षात अनेकांना ते खटकत असतं, पण कुणीच बोलत नाही, म्हणून एकटेपणाच्या भीतीने जो तो गप्प बसतो. पहिला कुणी बोलला की दुसऱ्याला बळ येतं.

शिकवायचं कसं, हेही अनुभवातून घडत गेलं. ‘तुमच्यापैकी कुणीही बलात्कारी असू शकतो’ अशी सुरुवात केली की समोरचा मुलगा कान बंद करतो. फॉबर्ट यांच्या कार्यक्रमात प्रशिक्षित विद्यार्थी मुलांशी मदत करणारे म्हणून बोलतात: अत्याचार झालेली मैत्रीण तुमच्याकडे आली, तर तिच्याशी कसं वागाल? न्यू हॅम्पशायर आणि केंटकी विद्यापीठांत तयार झालेल्या कार्यक्रमांचा भर बघ्यांवर आहे. नशेत तोल जाणाऱ्या मुलीला कुणी वरच्या खोलीकडे नेत असेल तर काय करायचं? तिच्या मैत्रिणीला हाक मारायची. त्या मुलाला ‘खाली तुला कुणीतरी शोधतंय’ म्हणून बाजूला घ्यायचं. स्वतःला जमत नसेल तर ज्याचं तो ऐकेल त्याला बोलवायचं. हे प्रसंग वर्गात प्रत्यक्ष करून घेतात, कारण त्या क्षणी सुचत नाही, आधी सराव केलेलाच कामी येतो.

आता निष्कर्षांकडे. २०१४ च्या एका आढाव्यात लैंगिक हिंसा रोखण्याच्या कार्यक्रमांची १४० मूल्यमापनं तपासली गेली. प्रत्यक्ष हिंसक वागणूक कमी झाल्याचा भक्कम पुरावा फक्त तीन प्रयत्नांबाबत मिळाला, आणि त्यात कॉलेजात दिलेलं एक तासाचं व्याख्यान नव्हतं. बघ्यांच्या कार्यक्रमांवर २०१९ मध्ये झालेल्या आढाव्यात दिसलं की, प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थी मध्ये पडतात जास्त, पण काही महिन्यांत तो परिणाम ओसरतो. प्रत्यक्ष अत्याचार करण्याच्या प्रमाणावर तर परिणाम दिसलाच नाही.

हे वाचून हात टेकावेत असं मला वाटत नाही. केंटकीतला बघ्यांवर भर देणारा कार्यक्रम तिथल्या २६ शाळांत राबवला, त्या प्रयोगात पाच वर्षं काम चाललं. आधी सगळ्या मुलांशी बोलणं, मग ज्यांचं इतर ऐकतात अशा मुलामुलींना निवडून सखोल प्रशिक्षण. तिथे लैंगिक हिंसा करणाऱ्यांचं प्रमाण घटलं. म्हणजे फ्रॅटर्निटीतही नवे सदस्य दाखल होताना एकदा आणि मग दर सत्रात पुन्हा, तेही घराच्या अध्यक्षापासून सुरू करून शिकवायला हवं.

आणि घराची व्यवस्थाही बदलायला हवी. २०१८ मध्ये फ्रॅटर्निटींच्या सर्वात मोठ्या महासंघाने १५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या दारूवर घरांत बंदी आणायचं ठरवलं. त्याला निमित्त रॅगिंगमधल्या मृत्यूंचं होतं, तरी मुलींच्या सुरक्षेलाही त्याचा उपयोग व्हावा. काही सोरॉरिटींतल्या मुलींनी आणखी पुढची मागणी केली आहे: आम्हालाही आमच्या घरी पार्टी ठेवू द्या. तसं झालं तर दारावर कोण उभं राहील, ग्लासात काय पडेल आणि रात्री परतायला गाडी कुणाची असेल, हे त्या ठरवतील.