‘मॅकला व्हायरस लागत नाही’ : खुलासा

कॉम्प्युटरसाठी विंडोज, मॅक की लिनक्स, असा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मॅक घ्या, त्याला व्हायरस लागतच नाही.’ लागतो. 2012 मध्ये ‘फ्लॅशबॅक’ नावाच्या व्हायरसने जगभरातले सुमारे 6 लाख मॅक पछाडले होते. जावा नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या एका त्रुटीतून तो शिरायचा. बाधित वेबसाइट नुसती उघडली तरी पुरे, पासवर्डसुद्धा लागत नसे. जावा बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीने ती त्रुटी आधीच दुरुस्त केली होती, पण मॅकसाठीची दुरुस्ती अ‍ॅपलने काही आठवडे उशिरा दिली. त्याच वर्षी ‘पीसीचे व्हायरस याला लागत नाहीत’ हे जाहिरातीतलं वाक्यही अ‍ॅपलने गुपचूप बदललं.

मुळात मॅकओएसमध्ये 2009 पासून एक्सप्रोटेक्ट नावाचा, व्हायरस ओळखून अडवणारा राखणदार बसवलेला आहे. धोकाच नसता तर तो कशाला ठेवला असता?

समज पसरला तो संख्येमुळे. डेस्कटॉपवर विंडोज सर्वाधिक, त्यामुळे चोरांचा डोळाही तिथेच. लिनक्सचंही थोडंफार मॅकसारखंच. आणि विंडोज आता पूर्वीसारखं उघड्यावर नाही. विंडोज 8 पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस सोबतच येतो. फसव्या ईमेलमधल्या लिंकवर तुम्हीच पासवर्ड टाकलात, तर मात्र तिन्ही सारखेच हतबल.