अडथळ्यांच्या नळीतील ज्वालेचे डेटोनेशनमध्ये रूपांतर

ज्वालाग्राही वायुमिश्रणात पेटलेली ज्वाला वेग घेत अचानक ध्वनीहून वेगवान अशा डेटोनेशन तरंगात बदलते, ती घटना. हायड्रोजन व हवा यांच्या मिश्रणात संथ ज्वाला पुढच्या वायूत सेकंदाला जेमतेम २-३ मी. शिरते, डेटोनेशन सुमारे १,९७० मी. धावते.

डेटोनेशनचा शोध १८८१च्या सुमारास बेर्तलो-व्हिएल व मालार-ल शातल्ये या फ्रेंच जोड्यांनी लावला. नळीत अडथळे ठेवून ज्वाला वेगवान करण्याचे श्रेय बहुधा सोव्हिएत संशोधक श्चेल्किन यांच्या तारेच्या वेटोळ्याला (सु. १९४०) दिले जाते. मात्र भोके पाडलेल्या चकत्यांनी मिथेनची ज्वाला वेगवान होते, हे चॅपमन व व्हीलर यांनी १९२६ मध्येच दाखवले होते. (डेटोनेशनचा वेग सांगणाऱ्या चॅपमन-झूगे सिद्धांताचे चॅपमन ते हे नव्हेत.)

जळून फुगलेला वायू समोरच्या ताज्या वायूला ढकलतो. प्रत्येक चकतीमागे भोवरे उठतात, ज्वाला त्यांत गुरफटून सुरकुतते, तिचे क्षेत्रफळ वाढते आणि ढकलणे आणखी जोरात होते. ज्वालेचा वेग जळालेल्या वायूतील ध्वनिवेगाच्या आसपास पोहोचला की वाढ रेंगाळते.

तिथून डेटोनेशनपर्यंतची उडी कशी पडते, हा वादाचा मुद्दा. ऑपनहाइम व उर्ट्यू यांच्या छायाचित्रांत (१९६६) ज्वालेजवळ एका बिंदूवर ‘स्फोटातला स्फोट’ दिसतो. झेल्दोविच यांच्या मते (१९७०) प्रज्वलनाला लागणारा वेळ जागोजागी क्रमाने बदलत गेला, तर उत्स्फूर्त ज्वलनाची लाट आघात तरंगाशी (ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या, दाब एकदम वाढवणाऱ्या लाटेशी) जुळून डेटोनेशन उभे राहते. दुसऱ्या मतानुसार चकती व भिंत यांच्या कोपऱ्यात आघात तरंग परावर्तित होऊन तिथला वायू पेटतो. अडथळ्यांच्या नळीत हे दुसरे मत अधिक पटते. मात्र कोपऱ्यात पेटलेल्या त्या ठिणगीचे डेटोनेशन कसे होते, हे सांगायला झेल्दोविचच लागतात.

काजळी धरलेला पत्रा नळीत ठेवला, तर तरंग गेल्यावर त्यावर माशाच्या खवल्यांसारखी जाळी उमटते. त्या खवल्याच्या रुंदीला कोशिका-आकार म्हणतात. चकतीचे भोक निदान एका कोशिकेइतके हवे, असा ली व सहकाऱ्यांचा निकष आहे. दोरोफेयेव यांच्या निकषात अडथळ्यांमधील जागेची लांबी सुमारे सात कोशिका लागते. दोन्ही निकष आवश्यक अटी सांगतात, हमी देत नाहीत. भोक काठावरचे असेल, तर तरंग चकत्यांवर विझत-पेटत, पूर्ण वेगापेक्षा बराच मागे राहून जातो, तो अर्ध-डेटोनेशन.

योग्य प्रमाणातील हायड्रोजन-हवेची कोशिका साधारण १ सेंमी., मिथेन-हवेची सुमारे ३० सेंमी. त्यामुळे प्रयोगशाळेच्या अरुंद नळीत मिथेन निरुपद्रवी दिसतो. कोळसा खाणीच्या बोगद्याला तो निष्कर्ष लागू पडत नाही.