ग्राउझसाठी वृक्षतोड: अमेरिकेतील कोवळ्या जंगलाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या ग्रेट लेक्स प्रदेशात किंवा ॲपलेशियन डोंगररांगांत ज्यांची शिकार केली जाते अशा ग्राउझसारख्या (कोंबडीच्या कुळातला रानपक्षी) पक्ष्यांसाठी जंगलाचा एखादा तुकडा तोडण्याचा प्रस्ताव आला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: झाडे तोडून पक्षी कसे वाचतील? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर द्यायचे तर गेल्या दीडशे वर्षांत या जंगलांवर काय गुदरले, ते आधी पाहावे लागते.

साधारण १८७० ते १९१० या काळात मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा येथील पांढऱ्या पाइनची जंगले लाकूड कंपन्यांनी जवळजवळ सरसकट साफ केली. तोडीनंतर पडून राहिलेल्या फांद्या-शेंड्यांच्या वाळक्या पसाऱ्यात आगी पसरत गेल्या. १८७१ मध्ये विस्कॉन्सिनमधील पेश्टिगोच्या आगीत हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा जळक्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी पाइनऐवजी अस्पेन आणि बर्च ही झाडे उगवली. पूर्वेकडे न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कमध्ये शेतकरी सोडून गेलेल्या शेतांत झुडपे माजली. रफ्ड ग्राउझ आणि वुडकॉक या दोन पक्ष्यांना नेमके असेच दाट, कोवळे रान लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकाऱ्यांनी या पक्ष्यांची जी रेलचेल अनुभवली, ती कोणाच्याही नियोजनाचे फळ नव्हती, हे मुद्दाम नोंदवायला हवे; एका मोठ्या नासाडीनंतर रान पुन्हा वाढत असताना ती आपोआप घडून आली होती.

कुऱ्हाड, नांगर, गुरे, आग आणि बंदूक या ज्या साधनांनी शिकारीचे प्राणी-पक्षी संपवले, तीच साधने विचारपूर्वक वापरली तर ते परत आणता येतील, अशी मांडणी वन्यजीव व्यवस्थापनाचे अभ्यासक आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ मध्ये केली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला आणि अशा कामांना कायमचा आधार मिळाला.

कोणती झाडे, किती आणि कधी तोडायची, याचे सर्वांत नेमके उत्तर मिनेसोटा विद्यापीठाचे गॉर्डन गलियन यांनी क्लोकेट येथील वनक्षेत्रात अनेक वर्षे ग्राउझचा अभ्यास करून दिले. वसंतात नर ग्राउझ पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंख फडफडवतो. आधी सुटे, मग भराभर मिसळत जाणारे ते ठोके आठ-दहा सेकंद चालतात आणि ऐकण्यापेक्षा छातीत जाणवतात. त्या ओंडक्याभोवती बाज व घुबडांपासून आडोसा देणारी दाट, सरळ खोडे हवीत, आणि उडून जाता येईल इतक्या अंतरावर नर अस्पेनची जुनी झाडे हवीत, कारण त्यांच्या फुलकळ्यांवर हा पक्षी बर्फाळ हिवाळा काढतो. अस्पेन तोडल्यावर त्याच्या मुळांतून हेक्टरी हजारो फुटवे येतात, पण त्यांना भरपूर ऊन लागते. सावली राखून केलेली विरळणी इथे कामाची नाही. पहिल्या दहाएक वर्षांत ते रान पिलांना उपयोगी पडते, पुढची पंधरा वर्षे मोठ्या पक्ष्यांना आसरा देते आणि त्यानंतर अन्न व घरट्यासाठी जागा पुरवते. एका पक्ष्याच्या वावराच्या छोट्या क्षेत्रातच या तिन्ही वयांची झाडे राहावीत, म्हणून गलियन यांनी मोठ्या सलग तोडीऐवजी लहान लहान कूप (एका वेळी तोडायचे तुकडे) पाडून दर दहाएक वर्षांनी आळीपाळीने तोड करण्याची शिफारस केली. १९६१ मध्ये स्थापन झालेली रफ्ड ग्राउझ सोसायटी याच विचाराचा पाठपुरावा करत आली आहे.

सरसकट तोडीला विरोध मात्र शिकाऱ्यांमधूनही झाला. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मोनोंगहेला राष्ट्रीय वनात मोठमोठे कूप पाडले जाऊ लागले, तेव्हा रानटर्कीच्या शिकाऱ्यांनी तक्रारी केल्या. टर्कीला ओकची फळे देणारी पक्व झाडे हवी असतात. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, १९७५ मध्ये वनखात्याविरुद्ध निकाल लागला आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय वन व्यवस्थापन कायदा आला. एका पक्ष्याचे कोवळे रान म्हणजे दुसऱ्याची मोडलेली वस्ती असू शकते, हे त्या वादात उघड झाले, आणि माझ्या मते गलियन यांचे लहान कूप हाच त्यावरचा सर्वांत समंजस मार्ग होता.

दरम्यान सोडलेल्या शेतांवरचे रान वयात आले, तोड कमी झाली आणि दक्षिणेकडील ग्राउझ ओसरले. इंडियानाने २०२० मध्ये त्याला राज्यपातळीवर संकटग्रस्त ठरवले. पेन्सिल्व्हेनियाचा तर हा राज्यपक्षी. तिथे डासांमार्फत पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूचाही त्याला फटका बसल्याचे आढळले असून, पिले सावरण्याची शक्यता जिथे जास्त, अशा चांगल्या अधिवासांजवळ तोडीची आखणी करण्याकडे आता कल आहे.