ब्रेकमध्ये जाणारं पेट्रोल

कोथरूडच्या मावशीने दिवाळीत हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घेतली आणि चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "अरे, नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी बंद पडते. एसी चालू, दिवे चालू, इंजिन मात्र गप्प. जरा येऊन बघतोस का?" संध्याकाळी तिच्या शेजारी बसून डेक्कनपर्यंत चक्कर मारली. गाडी ठणठणीत होती. थांबल्यावर इंजिन बंद करणं हे तिचं कामच आहे. परतताना मावशीने पुढचा प्रश्न विचारला: "मग ही इको, पॉवर, ईव्हीची बटणं? यातलं कुठलं दाबलं की पेट्रोल वाचतं?"

माझं उत्तर तिला लगेच पटलं नाही. पेट्रोल बटणाने थोडं वाचतं, ब्रेकवरच्या पायाने खूप.

मावशीची गाडी घरच्या प्लगला लावायची नाही. म्हणजे तिच्यातली सगळी ऊर्जा पंपावर भरलेल्या पेट्रोलमधूनच येते, बॅटरीतली वीजसुद्धा. ती बॅटरीही चिमुकली असते. मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर या जुळ्या गाड्यांच्या हायब्रिड आवृत्तीत ती 0.76 किलोवॅट-तासाची आहे. वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट. नुसत्या विजेवर चालणाऱ्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत 30 युनिट मावत होती, यावरून अंदाज करा. एवढ्याशा बॅटरीने गाडी लिटरला जवळपास 28 किलोमीटरचा प्रमाणित आकडा कसा गाठते?

हिशेब मांडून बघू. माणसांसकट 1,300 किलोची गाडी ताशी 40 किलोमीटरने चालली असेल, तर तिच्यात सुमारे 80 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण 32,000 किलोज्यूल असतात, पण शहरातल्या चालीत साधं इंजिन त्यातला जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे एकदा हा वेग घ्यायला 10 मिलिलिटर पेट्रोल जळतं, चहाचे दोन चमचे. पुढे लाल दिवा दिसला, करकचून ब्रेक दाबला, की त्या दोन चमच्यांची कमाई ब्रेकच्या तापण्यात संपते. कर्वे रस्त्यावर हे किती वेळा होतं ते मोजायला नको. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे 40 ऐवजी 60 चा वेग घेतला तर प्रत्येक थांब्याची किंमत सव्वादोनपट होते.

हायब्रिड गाडीत ब्रेक हलका दाबला की मोटर उलटं काम करते. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि गाडी मंदावते. पण लहान बॅटरी घाईने वीज गिळू शकत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. तेच 80 किलोज्यूल आठ सेकंदांत काढले तर सरासरी 10 किलोवॅट होतात, ते बॅटरी आरामात घेते. तीन सेकंदांत काढले तर सरासरी 27 किलोवॅट आणि सुरुवातीच्या क्षणी त्याच्या दुप्पट. जे तिला झेपत नाही ते नेहमीचे ब्रेक घेतात आणि उष्णता करून टाकतात. म्हणून पुढच्या सिग्नलचे आकडे लांबून वाचून पाय वेळेवर उचलणारा माणूस कुठलंही बटण न दाबता पेट्रोल वाचवत असतो.

ही युक्ती आपल्या भागाला नवी नाही. 1930 च्या सुमारास मुंबई-पुणे रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण झालं, तेव्हा बोरघाटात मालगाड्या ओढायला आलेल्या विजेच्या इंजिनांना लोक 'खेकडा' म्हणत. घाट उतरताना त्यांच्या मोटरी वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडत. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देत असे! मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

आता बटणांकडे. इको मोड म्हणजे ॲक्सिलरेटर मऊ होतो: तेवढाच पाय दाबला तरी गाडी कमी जोर लावते, शिवाय एसी हात आखडता घेतो. पॉवर मोडमध्ये उलट, थोड्या पायाला जास्त प्रतिसाद. पण पेडल तळापर्यंत दाबलं तर जोर दोन्हीकडे सारखाच, इंजिन काही मोठं होत नाही. ज्याचा पाय मुळात हलका आहे त्याला इकोने फारसा फरक पडत नाही. मावशीसारखी सिग्नल सुटताच दचकून पेडल दाबणारी असेल, तर इको शहरात लावूनच ठेवावा. कात्रजच्या चढाला मात्र तो काढलेला बरा, नाहीतर पेडल अजून अजून दाबत बसावं लागतं.

ईव्ही बटणाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. ते दाबून विजेवर चालवलं की फुकट चाललो असं वाटतं. पण ती वीज नंतर इंजिन चालवूनच भरायची असते, आणि भरताना व काढताना दोन्ही वेळा थोडी वाया जाते. गाडीचा संगणक ती वीज नेमकी कुठे वापरायची हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतो. इंजिन हळूहळू, कमी भाराने चालवणं हे सर्वांत खर्चिक, म्हणून रांगेत सरकताना तो मोटर वापरतो आणि इंजिनाला चांगलं ओझं देता येईल तेव्हाच ते चालवतो. कधीकधी गाडी उभी असतानाही इंजिन जोरात चालू होतं ते बॅटरी भरण्यासाठी. ईव्ही बटण मी सोसायटीच्या पार्किंगमधून रात्री आवाज न करता निघण्यापुरतंच वापरेन.

सकाळी लवकर निघाल्यावर बॅटरी भरलेली असूनही इंजिन बंद होत नाही, हीसुद्धा मावशीची तक्रार होती. धूर शुद्ध करणारं उत्प्रेरक यंत्र काही शे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही, तोवर इंजिन चालावंच लागतं. पुण्याच्या थंडीत हा वेळ वाढतो. घरापासून भाजी मंडईपर्यंतच्या दोन किलोमीटरांत हायब्रिडचा फायदा दिसणार नाही, त्यात गाडीचा दोष नाही.

वर सांगितलं ते स्ट्राँग हायब्रिडबद्दल, म्हणजे नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या गाडीबद्दल. अर्टिगा, ब्रेझासारख्या माइल्ड हायब्रिडमध्ये मोटर छोटी, इंजिनाला पट्ट्याने जोडलेली, आणि एसीचा काँप्रेसरही इंजिनावर चालणारा. त्यामुळे एप्रिलच्या दुपारी सिग्नलला इंजिन बंद झालं की थोड्या वेळात गार हवा संपते आणि इंजिन आपोआप परत सुरू होतं. वैतागून बरेच जण ऑटो-स्टॉप कायमचं बंद करायला लागतात. तसं करू नका. उभ्या गाडीचं चालू इंजिन तासाला पाऊण लिटर जाळतं असं धरलं, तर मिनिटाच्या सिग्नलला साडेबारा मिलिलिटर जातात. असे रोज दहा सिग्नल, महिन्याचे पंचवीस दिवस: तीन लिटरांहून जास्त. अगदी इंच इंच सरकणारी रांग असेल तेव्हा बंद केलं तर चालेल, कारण दर चार सेकंदांनी बंद-चालू होण्यात काही मिळत नाही.

न्यूट्रलबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. सिग्नलला न्यूट्रल करायची आपली जुनी सवय टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये उलटी पडते: न्यूट्रलमध्ये बॅटरी भरतच नाही आणि एसी तिला रिकामी करत राहतो. ब्रेकवर पाय ठेवून डी मध्येच (नेहमीच्या चालवायच्या गिअरमध्ये) राहा, फार वेळ असेल तर पार्क. उतारावर तर न्यूट्रल नकोच. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झाले ते आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. इंधन वाचेल म्हणून अवजड वाहनं तिथे न्यूट्रलमध्ये सोडणं हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. आजची कुठलीही गाडी गिअरमध्ये उतरताना इंधन पूर्ण तोडते, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जाळत राहते. हायब्रिडमध्ये त्याशिवाय परत मिळणारी वीजही जाते.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना अजून एक गोष्ट होते. साडेपाचशे मीटरांची उतरण आणि सामानासह दीड टनाची गाडी, म्हणजे सव्वादोन युनिट ऊर्जा. चाकांच्या आणि हवेच्या विरोधात बरीच जाते, तरी उरलेली त्या पाऊण युनिटच्या बॅटरीत मावत नाही, कारण गाडी बॅटरीचा मधलाच भाग वापरते. घाटाच्या मध्यावरच ती भरते. तेव्हा गिअर बी वर, म्हणजे उतारासाठीच्या खुणेवर घ्यावा. मग मोटर ती जास्तीची ऊर्जा इंजिन नुसतं फिरवण्यात घालवते, पेट्रोल न जाळता. घरघर मोठी येते, पण ब्रेक गार राहतात. मागच्या रविवारी मावशी त्या घाटाने उतरली आणि खाली पोचल्यावर तिने मला फक्त एवढंच विचारलं, "तो आवाज चांगला होता ना?"