लीफ शटर मधोमध उघडतं, मग फोटोच्या कडा काळ्या का पडत नाहीत?

संक्रांतीच्या वेळी नंदीध्वजाच्या मिरवणुकीत एका काकांचा फोटो काढला होता. पांढरी बाराबंदी, डोक्यावर फेटा आणि सोलापूरचं भर बाराचं ऊन. कुणी कधी ट्राय केलंय त्याला माहितीय, बाराबंदी नुसती पांढरीफटक येते आणि फेट्याखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. हा फोटो मात्र जमला, कारण पेंटॅक्स ६७ या फिल्मच्या कॅमेऱ्याला १६५ एमएमची लीफ शटरवाली, म्हणजे लेन्सच्या आतच पाकळ्यांचं शटर असलेली लेन्स लावली होती आणि सोबत एक छोटा फ्लॅश. नवी पेठेतल्या मित्राला दाखवला तर म्हणतो, "पण हे शटर मधून उघडतं ना बे, मग मधे लाईट जास्त आणि कडेला कमी, असं कसं होत नाय?"

प्रश्न एक नंबर आहे. उत्तर दहावीच्या विज्ञानात आहे, फक्त तेव्हा आपण ते मार्कांसाठी पाठ करतो. भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमा अर्धी दिसेल का? नाही, पूर्णच दिसते, फक्त अंधुक होते.

घरी करून बघा. खोलीतले लाईट बंद करा, वाचायचं भिंग घ्या आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर खिडकीची उलटी प्रतिमा पाडा, गज स्पष्ट दिसेपर्यंत भिंग मागेपुढे करा. आता भिंगाला चिकटवूनच मधोमध एक रुपयाचं नाणं धरा. भिंतीवर नाण्याची सावली दिसत नाही, गज सगळे जागेवर, फक्त उजेड कमी. मग तेच नाणं हळूहळू भिंतीकडे न्या, आणि एका ठिकाणी त्याची गोल सावली बरोब्बर खिडकीच्या मधोमध उमटायला लागते. नाणं तेच, भिंगही तेच, बदलली फक्त जागा.

कारण असं, की काकांच्या नाकाच्या शेंड्यावरून निघालेला प्रकाश भिंगाच्या एकाच ठिकाणी पडत नाही, तो सगळ्या भिंगभर पसरतो आणि पलीकडे परत एका बिंदूत गोळा होतो, आणि फेट्याच्या तुऱ्याचंही तसंच, बाराबंदीच्या बंदाचंही तसंच. म्हणजे भिंगाच्या प्रत्येक कणातून अख्ख्या चित्राचा थोडाथोडा प्रकाश जातोय. लीफ शटरच्या पाकळ्या लेन्सच्या पोटात, ॲपर्चरला, म्हणजे प्रकाश आत यायच्या लहानमोठ्या होणाऱ्या भोकाला, लागून असतात. त्या मधून सुईएवढ्या उघडल्या तरी त्या भोकातून पूर्ण फोटो फिल्मवर पडतो, आधी अंधुक, मग उजळ, मग परत अंधुक. खिडकीचा पडदा सरकवल्यासारखं हे नाही, नळाची तोटी फिरवल्यासारखं आहे.

पडदा सरकवण्याचं काम फोकल प्लेन शटर करतं. ते फिल्मच्या अगदी पुढ्यात असतं, म्हणजे भिंतीजवळचं नाणं. पेंटॅक्स ६७ च्या बॉडीत कापडाचा पडदा आहे आणि त्याला जवळजवळ ७ सेंटीमीटर पळायचं असतं, त्यामुळे स्पीड वाढवला की पूर्ण फ्रेम एका वेळी उघडी राहतच नाही, एक फट सरकत जाते. उन्हाला त्याचं काही नाही, पण फ्लॅश क्षणात पेटून विझतो, मग जेवढी फट तेवढ्याच पट्ट्यावर फ्लॅश उमटतो. म्हणून या बॉडीवर फ्लॅश वापरायचा तर १/३० सेकंदाच्या वर जाता येत नाही. लीफ शटरला १/५०० वरही फ्लॅश चालतो.

आता हिशोब. आयएसओ १०० ची (साधारण संवेदनशीलतेची) फिल्म, कडक ऊन, १/१२५ ला एफ १६ हा जुना अंदाज धरू (एफचा आकडा मोठा तेवढं ॲपर्चर बारीक). मग १/३० ला एफ ३२ होतं आणि १/५०० ला एफ ८. उन्हाचं एक्सपोजर दोन्हीकडे तेवढंच. पण फ्लॅशला शटर स्पीडशी घेणंदेणं नाही, तो फक्त ॲपर्चर बघतो, आणि एफ ३२ ते एफ ८ म्हणजे चार स्टॉप, दर स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणजे १६ पट. जिथे हातगाडीवर न्यावा लागेल असा फ्लॅश लागला असता तिथे पिशवीतल्या फ्लॅशने काम झालं.

थोडं किचकट अजून एक, नको असेल तर हा पॅरा सोडा. १/५०० म्हणजे २ मिलिसेकंद, त्यातला बराच वेळ पाकळ्यांच्या उघडण्या-मिटण्यातच जातो. एफ ४ ला लेन्सचा मधला भाग जवळजवळ पूर्ण वेळ उघडा आणि कडा जेमतेम क्षणभर, तर एफ १६ च्या बारीक भोकाला पाकळ्या लगेच मोकळं करतात आणि शेवटपर्यंत मोकळंच ठेवतात. त्यामुळे वरच्या स्पीडला ॲपर्चर बारीक केलं की ठरवल्यापेक्षा जास्त एक्सपोजर होतं. उलट पूर्ण उघड्या ॲपर्चरला मागचे धूसर ठिपके कडेला जरा मऊ होतात, कारण लेन्सच्या कडेचा वाटा कमी पडतो.

बाकी "लीफ शटरने स्किन टोनच वेगळा येतो" असं युट्यूबवर सांगणारे आहेत. शटरला रंग कळत नाही ओ, तो फिल्मचा, उजेडाचा आणि स्कॅनरवाल्याचा प्रश्न. आणि ज्याने मला हा काचेतला प्रकाश समजावून सांगायला लावला त्याच मित्राच्या स्टुडिओत कॅमेऱ्याच्या कपाटाला लिंबू-मिरची लटकवलेली आहे. खाली ठेवलेल्या जुन्या यशिका मॅट या दोन लेन्सच्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागलीय. तिला सिलिका जेल पाहिजे, लिंबू नव्हे, लिंबाने उलट ओलावाच वाढायचा. गंमत म्हणजे त्या यशिकातही लीफ शटरच आहे, १/५०० वालं, म्हणजे असे डबल लेन्सचे कॅमेरे वापरणाऱ्या आपल्या स्टुडिओंनी हे तंत्र कित्येक वर्षं नाव न घेता वापरलं. हॅसलब्लाड ५०० सी या कॅमेऱ्याने १९५७ मध्ये दर लेन्समध्ये शटर दिलं ते वेगळंच, आपल्या बजेटच्या बाहेरचं.

पेंटॅक्सवर वापरायची पद्धत मात्र जरा उलटी आहे. बॉडीचा स्पीड १/८ ठेवायचा, म्हणजे पडदा निवांत पूर्ण उघडतो आणि तो उघडा असताना आतल्या पाकळ्या आपलं काम उरकतात. खरा स्पीड लेन्सच्या रिंगवर. लेन्सचं शटर प्रत्येक फोटोआधी हाताने कॉक करायचं, म्हणजे चावी दिल्यासारखं ताणून तयार ठेवायचं. फ्लॅशची वायर बॉडीला नाही, लेन्सवरच्या सॉकेटला. या कॅमेऱ्यात १२० च्या (रुंद फिल्मच्या) रोलमध्ये फ्रेम दहाच. काकांचा फोटो सातवा होता, आधीच्या सहांपैकी चार मी कॉक करायला विसरून घालवले.