गेम अडखळतोय की उशिरा ऐकतोय? फ्रेम ड्रॉप आणि इनपुट लॅग

गेल्या काही महिन्यांत एकामागून एक बरेच गेम हाताखालून गेले आणि त्याबद्दल मित्रांशी बोलताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली. कुठल्याही गेमचा विषय काढा, "गेम भारी आहे पण लॅग होतो यार" हे वाक्य येतंच. मग विचारलं की बाबा लॅग म्हणजे नक्की काय होतं, तर एकजण म्हणतो शहरात शिरलं की चित्र अडखळतं, दुसरा म्हणतो बटण दाबलं की जरा थांबून वार होतो. दोघं एकच शब्द वापरतायत पण बोलतायत दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. पहिल्याचा तो फ्रेम ड्रॉप, दुसऱ्याचा इनपुट लॅग. कारण वेगळं, उपाय वेगळा, आणि मुख्य म्हणजे चूक कुणाची हेसुद्धा वेगळं.

मी हे एवढं जीव तोडून सांगतोय कारण ह्या घोळात मी एका फार चांगल्या गेमवर अन्याय केलाय. सेकिरो, २०१९ चा. पहिल्यांदा खेळलो तेव्हा वेड लागलं होतं, मग मोठा नवीन टीव्ही आला म्हणून पुन्हा सुरू केला. किल्ल्याच्या वरचा तो बॉस, म्हणजे मोठा शत्रू, गेनिचिरो, त्याची तलवार नेमकी अंगावर येते त्या क्षणी कंट्रोलरवरचं एल१ बटण दाबायचं, ठिणगी उडते, टणकन आवाज येतो आणि वार परतवला जातो, सगळा गेम ह्या एका क्षणावर उभा आहे. आणि मला तो क्षण सापडेचना. वार दिसला, दाबलं, तरी वार परतण्याऐवजी नुसता तलवारीवर अडतोय किंवा सरळ अंगावर. चित्र एकदम गुळगुळीत, कुठे अडखळणं नाही, त्यामुळे टीव्हीवर संशय घ्यायचं काही कारणच वाटलं नाही. दोन आठवडे मी सगळ्यांना सांगत होतो की ह्याचे कंट्रोल्स आता जुने वाटतात, जड वाटतात.

मग भाचा आला होता, बाजूला बसून बघत होता, तो म्हणाला, "मामा, गेम सोड, तू नुसता कन्सोलच्या होम स्क्रीनवर इकडून तिकडे जाऊन बघ ना, तिथेपण उशिराच सरकतंय." आणि खरंच. गेम चालूच नाही, नुसते आयकॉन आहेत, आणि अंगठा हलल्यावर एका हुंकाराएवढ्या वेळाने निवड पुढे सरकतेय. टीव्ही सिनेमा बघायच्या मोडवर होता आणि त्यात हालचाल गुळगुळीत करायचं सेटिंग चालू. टीव्हीचा गेम मोड लावला, म्हणजे असली चित्रावरची जादाची कामं बंद ठेवणारा मोड, आणि त्याच बॉसकडे परत गेलो, तोच कंट्रोलर, तीच बोटं, आणि पहिल्याच देवाणघेवाणीत चार वार लागोपाठ परतवले गेले. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी.

आता जरा आत जाऊन बघू. गेम म्हणजे एकामागून एक काढलेली चित्रं, ती फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर कन्सोलला एक चित्र काढायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. त्या वेळात चित्र तयार झालं नाही तर टीव्ही आधीचंच चित्र परत दाखवतो, आणि डोळ्याला तो धक्का जाणवतो. झालं, हाच फ्रेम ड्रॉप. म्हणजे कन्सोलला काम झेपलं नाही. २०२४ चा ड्रॅगन्स डॉग्मा २ घ्या, जंगलात, डोंगरात बरा चालतो आणि वर्नवर्थ शहराच्या वेशीतून आत शिरलं की धापा टाकायला लागतो. त्याचं कारण तिथले ढीगभर लोक, प्रत्येकजण कुठे चाललाय, काय करतोय ह्याचा हिशोब प्रोसेसरला सतत करावा लागतो. इथे चित्राचा दर्जा कमी करूनसुद्धा फारसा फरक पडत नाही, कारण अडलंय चित्र काढण्यात नाही, हिशोबात अडलंय. स्विचवरच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमधलं कोरोक फॉरेस्ट आठवतंय का, किंवा पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वरच्या डार्क सोल्समधलं ब्लाइटटाउन, तिथेही असंच, ठरावीक जागी गेलं की गाडी चिखलात रुतायची.

ही जागेची गोष्ट लक्षात ठेवा, कारण फ्रेम ड्रॉपची हीच खूण आहे. तो येतो आणि जातो. गर्दी, स्फोट, धुकं, मोठं शहर, जिथे काम वाढतं तिथे तो असतो. आणि तो डोळ्याला दिसतो, बाजूला बसलेल्या माणसालाही दिसतो.

इनपुट लॅग मात्र बाजूच्याला सहसा दिसत नाही. तो अंगठ्याला कळतो, आणि गेममध्ये जिथे जाल तिथे तो तेवढाच असतो, रिकाम्या खोलीतही आणि मेन्यूतही. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो तो सगळा इनपुट लॅग. कंट्रोलरकडून कन्सोलकडे सिग्नल जातो, गेम तो वाचतो, काय करायचं ते ठरवतो, चित्र काढतो, चित्र टीव्हीकडे जातं, टीव्ही त्यावर आपले संस्कार करतो आणि मग दाखवतो. ह्यात शून्य कधीच येत नाही, प्रश्न फक्त किती हा आहे. आणि लोक आधी संशय घेतात वायरलेस कंट्रोलरवर, पण तिथे सहसा थोडेच मिलिसेकंद जातात, खरा वेळ खातो तो एकतर टीव्ही नाहीतर गेम स्वतः.

टीव्ही कसा खातो बघा. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली एक फ्रेम घुसवतं. पण मधली फ्रेम बनवायला पुढची फ्रेम आधी हातात असावी लागते, म्हणजे टीव्हीला खरी फ्रेम रोखून धरावीच लागते, दुसरा मार्गच नाही. सिनेमा बघताना कुणाला काय फरक पडतो, आवाजही तेवढाच मागे ठेवला की काम झालं. गेममध्ये मात्र तुमचं बोट कुणी मागे ठेवू शकत नाही. जुन्या काचेच्या टीव्हीत हा प्रकारच नव्हता, आलेला सिग्नल जवळपास त्याच क्षणी पडद्यावर, म्हणून तर २००१ चा सुपर स्मॅश ब्रदर्स मेली मन लावून खेळणारे लोक अजूनही ते अवजड डबे सांभाळून ठेवतात.

ह्यातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण २००८ च्या रॉक बँड २ चं आहे. तालावर चालणारा गेम, तिथे टीव्हीचा उशीर म्हणजे सगळा सत्यानाश. तर त्यांनी त्या गेमच्या गिटारमध्येच प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर आणि एक मायक्रोफोन बसवला होता, गिटार टीव्हीसमोर धरायची, पडदा लुकलुकणार, आवाज येणार, आणि तुमचा टीव्ही किती उशिरा दाखवतो, किती उशिरा वाजवतो हे गिटारच मोजणार, गेम त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेणार. घरातल्या टीव्हीला उशीर असणारच हे धरून चालून एवढा विचार केलेला, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

गेम स्वतः कसा खातो, तर किलझोन २, २००९, पीएस३. दिसायला तेव्हा तोडच नव्हती, पण नेम इतका जड की लोकांनी आरडाओरडा केला आणि शेवटी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, द्यावा लागला. किंवा स्ट्रीट फायटर ५, २०१६ ला आला तेव्हा एकदम पक्का ६० वर चालत होता आणि तरीही बटण दाबल्यापासून सुमारे ८ फ्रेमचा उशीर, म्हणजे १३० मिलिसेकंदांच्या वर. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण "६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) आहे म्हणजे लॅग असूच शकत नाही" असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात.

रेड डेड रिडेम्पशन २ चं थोडं वेगळं. तिथे गेमचा नायक आर्थर, त्याला वळायला, वाकायला, खोगिरातून बंदूक काढायला वेळ लागतो तो बराचसा ठरवून दिलेला, ॲनिमेशन पूर्ण होऊ द्यायचं असं त्यांचं धोरण. त्याला लॅग म्हणायचं की स्वभाव हा ज्याचा त्याचा प्रश्न, मला तो स्वभाव वाटतो आणि पन्नासेक तासांनी मला तो आवडायलाही लागला, पण टीव्हीची सेटिंग बदलून तो जाणार नाही हे नक्की.

आता मूळ घोळ का होतो. तर फ्रेम ड्रॉप आणि इनपुट लॅग ह्या दोघांचं नातं आहे पण एकाच बाजूने. बरेच गेम दर फ्रेमला एकदा बटणं वाचतात, त्यामुळे फ्रेम पडल्या की वाचणंही लांबतं आणि हातालाही जडपणा जाणवतो. म्हणजे फ्रेम ड्रॉप आला की सोबत थोडा इनपुट लॅग घेऊनच येतो. उलटं मात्र होत नाही. इनपुट लॅग कितीही असो, त्याने एकही फ्रेम पडत नाही, चित्र लोण्यासारखं चालू राहतं, आणि माझ्या सेकिरोत नेमकं हेच झालं होतं. त्यामुळे चित्रही अडखळतंय आणि हातही जड, तर आधी फ्रेमकडे बघा. चित्र स्वच्छ आणि तरी हात जड, तर टीव्हीकडे बघा.

तपासायला काही यंत्र लागत नाही. कन्सोलच्या होम स्क्रीनवर जा आणि भराभर इकडे तिकडे सरका, तिथेही उशीर असेल तर गेमला दोष देऊ नका. होम स्क्रीन चपळ असेल तर गेममध्ये एका रिकाम्या जागी उभं राहून कॅमेरा गोल फिरवा, मग तेच गर्दीत करा, फरक दिसला तर फ्रेम ड्रॉप. आणि अगदीच पुराव्यानिशी बोलायचं असेल तर फोनवर २४० फ्रेमचं स्लो मोशन लावून बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असं शूट करा, बटण खाली गेल्यापासून पडद्यावर हलेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजा, प्रत्येक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची. मी गेम मोड लावायच्या आधी आणि नंतर असं करून बघितलं, नुसत्या डोळ्यांनी फरक मोजता येत होता.

उपाय करताना मात्र आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होऊ देऊ नका. फ्रेम पडत असतील तर गेममधला परफॉर्मन्स मोड लावा, म्हणजे चित्राचा दर्जा थोडा कमी करून फ्रेम वाढवणारा. एल्डन रिंग पीएस५ वर ६० ला टिकत नाही, तिथे पीएस४ ची आवृत्ती पीएस५ वर लावली तर चित्र थोडं साधं पण चाल बरीच स्थिर, हा जुना आणि खरा तोडगा आहे. १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणारा टीव्ही असेल तर ज्यात मिळतो त्या गेममध्ये ४० फ्रेमचा मोड लावून बघा, उदाहरणार्थ रॅचेट अँड क्लँक रिफ्ट अपार्ट. आकडा ३० च्या जवळचा वाटतो पण एका फ्रेमला २५ मिलिसेकंद, म्हणजे वेळेच्या हिशोबाने बरोबर ३० आणि ६० च्या मधोमध, आणि खेळताना ते जाणवतं. व्हीआरआर (व्हेरिएबल रिफ्रेश रेट) असेल तर चालू करा, त्यात टीव्ही आपला वेग कन्सोलच्या फ्रेमशी जुळवून घेतो आणि छोटे धक्के पुसले जातात, पण पीएस५ वर ते ४८ ते १२० हर्ट्झच्या दरम्यानच, त्याखाली गेलेल्या गेमला फार आशा ठेवू नका. इंटरनेटमुळे समोरचा खेळाडू इकडून तिकडे उड्या मारतो ते तिसरंच प्रकरण, त्याला ह्यातलं काहीच लागू नाही.

इनपुट लॅगला मात्र आधी टीव्हीचा गेम मोड, मग बाकीचं. अलीकडचे टीव्ही कन्सोल ओळखून आपोआप गेम मोडमध्ये जाऊ शकतात, पण ते सेटिंग दोन्हीकडे चालू असावं लागतं. आणि एक गोष्ट जी मला उशिरा कळली, बऱ्याच टीव्हींत पिक्चर मोड त्या त्या एचडीएमआय पोर्टपुरता लक्षात ठेवला जातो, त्यामुळे वायर काढून कन्सोल दुसऱ्या पोर्टला लावला असेल तर एकदा परत आत जाऊन बघा.