पॅशनफ्लॉवर : क्रुसाच्या कथेतून आलेले नाव, मूळ रहिवाशांकडून आलेला उपयोग

पॅशनफ्लॉवर, म्हणजेच आपल्या ओळखीचे कृष्णकमळ, हे मूळचे अमेरिका खंडातले. त्याच्या इंग्रजी नावावरून अनेकांना प्रेमभावना आठवते. प्रत्यक्षात त्यातील ‘पॅशन’ येशूने क्रुसावर भोगलेल्या यातनांचा निर्देश करतो. स्पॅनिश धर्मप्रसारकांनी तंतूंच्या वलयात काटेरी मुकुट पाहिला, पाच परागकोशांत जखमा आणि तीन कुक्षींत खिळे पाहिले. पाच पाकळ्या व पाच निदले मिळून यहूदा आणि पेत्र वगळता उरलेले दहा शिष्य झाले. रोममधील जाकोमो बोसिओ यांनी क्रुसावरील ग्रंथात १६१० मध्ये ही मांडणी युरोपपुढे ठेवली. पुढे १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने पॅसिफ्लोरा हे शास्त्रीय नाव रूढ केले.

औषधी उपयोगाचा इतिहास मात्र या धर्मकथेपासून अगदी वेगळा आहे आणि त्याचे श्रेय मूळ रहिवाशांना स्पष्टपणे द्यायला हवे. आजच्या अमेरिकेच्या आग्नेय भागातील चेरोकी लोक पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा या जातीचे मूळ ठेचून जखमेवर लावत आणि कानदुखीवर वापरत. फळ तर ते खातच असत. एकोणिसाव्या शतकात तेथील वनस्पतीचिकित्सकांनी तीच वेल अस्वस्थता आणि निद्रानाश यांवर देण्यास सुरुवात केली. हाच उपयोग आजही टिकून आहे. युरोपीय औषध संस्थेने सौम्य मानसिक ताण आणि झोपेच्या तक्रारींसाठी तो मान्य केला आहे, पण प्रदीर्घ पारंपरिक वापराच्या आधारे. परिणामकारकता चाचण्यांनी सिद्ध झाल्याचा दावा त्यात नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इराणी चाचणीत चिंताविकाराच्या ३६ रुग्णांवर या वेलीची ऑक्साझेपाम या चिंताशामक औषधाशी तुलना झाली. चार आठवड्यांअखेर दोन्हींचा परिणाम सारखा आढळला, ऑक्साझेपामचा गुण मात्र लवकर आला. निष्कर्ष आशादायक असला, तरी इतक्या लहान चाचणीवर फार भिस्त ठेवता येत नाही.

पॅसिफ्लोरा या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती आहेत, आणि गोंधळ होतो तो इथेच. औषधात इन्कार्नाटाचा जमिनीवरील भाग वापरतात. बाजारात मिळणारे पॅशनफ्रूट हे एड्युलिस या निराळ्या जातीचे फळ. शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या निळसर फुलांच्या सेरुलियासारख्या काही जातींच्या पानांत तर सायनाइड निर्माण करणारी संयुगे असतात. म्हणून केवळ फूल सारखे दिसते एवढ्यावर कुंपणावरच्या वेलीची पाने काढ्यात घालू नयेत. खरी औषधी जात हाती असली, तरी तिने गुंगी येऊ शकते. गर्भवतींनी ती टाळावी आणि झोपेच्या इतर गोळ्यांबरोबर वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.